सोनकांबळ्यांचा समुद्र

सोनकांबळे प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लावत. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते लॅब असिस्टंट होते, त्यामुळे आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या असणं ठीकच. पण त्यांच्या जेवणाच्या डब्यावरही 'सोनकांबळे, पोळी-भाजी' असं लिहिलेलं असे. एकदा डब्यात भाकरी होती, तर झाकणावरची 'पोळी' खोडून त्यांनी 'भाकरी' केलं आणि मगच घरून निघाले. त्यामुळे त्यांची बस चुकली होती. मी त्यांच्यावर हसले, तर ते गंभीरपणे म्हणाले, "हसू नका मॅडम. चिठ्ठी न्हाई ती बाटली ईष समजायची. आत साधं पाणी आसलं तरी."

हे वाक्य ते दर वर्षी जून महिन्यात अकरावीच्या प्रत्येक तुकडीला ऐकवत. मुलं माना डोलवत आणि पाठीमागे त्यांना 'दर्यावर्दी' म्हणत. हे नाव का पडलं ते मला त्यांच्या शेजारी राहायला गेल्यावर कळलं.

औसा रोडच्या आतल्या एका गल्लीत मी वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, आणि खाली डोकावलं तर सोनकांबळ्यांचं अंगण. पहिल्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, शोभाताईंनी, चहाला बोलावलं. स्वयंपाकघरात बघते तर मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या डब्यावर 'साखर' आणि माठावर 'पाणी'. शोभाताई म्हणाल्या की लग्नात त्यांच्या कपाळाला चिठ्ठी लावायची तेवढी राहिली. मग त्यांनी मला पुढच्या खोलीत नेलं, आणि तिथं समुद्र होता.

चार फुटांची काचेची टाकी. आत दगड, निळसर उजेड, आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. मोटारीची घरघर सतत चालू. खोलीत वास मात्र मी ओळखत होते तो होता, कोकणात माहेर असलेल्या मैत्रिणीकडे गेले होते तेव्हाचा. लातुरात, मे महिन्यात, तो वास नाकात शिरला आणि मला का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

सोनकांबळ्यांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. ते मूळचे नायगावकडचे. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला गेले असताना एका दुकानात त्यांनी हे मासे पाहिले आणि तिथंच उभे राहिले. आई दवाखान्याच्या पायरीवर पट्टी बांधून दोन तास बसली होती. येताना मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन मासे. घरी येऊन त्यांनी टाकीत खडा मीठ विरघळवलं आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे मेले. "समुद्र म्हणजे मिठाचं पाणी, आसं वाटलं मला," ते सांगत. "मला, केमिस्ट्रीच्या लॅबातल्या मानसाला. लाज वाटली." मग त्यांनी पुस्तकं मागवली, समुद्राच्या क्षारांची पाकिटं पार्सलनं मागवली, आणि पुन्हा हैदराबाद गाठलं.

टाकीच्या काचेवर त्यांनी पेन्सिलनं एक रेघ ओढली होती. रोज पाणी त्या रेघेच्या बोटभर खाली जायचं आणि सोनकांबळे तेवढं गोडं पाणी वरून घालायचे. मी विचारलं, खारं का नाही घालत? "पाणी उडतं, मीठ राहतं," ते म्हणाले. "खाऱ्यात खारं घालत गेलो तर मासा खारून मरंल." हे वाक्य ते भाजी जास्त शिजली तरी म्हणत आणि कुणी जुना राग काढला तरी म्हणत.

आणि त्यांची जीभ. कुठलंही पाणी दिसलं की ते बोट बुडवून जिभेला लावत आणि ते कुठलं आहे ते सांगत. टँकर आला की गल्लीतल्या बाया पेलाभर पाणी घेऊन त्यांच्या दारात यायच्या. हे बोअरचं, उकळून घ्या. हे विहिरीचं, चालतंय. हे नुसतं धुण्याभांड्याला. त्यांनी 'प्या' म्हटलं की गल्ली पीत असे. असा मान आमच्या प्राचार्यांनाही नव्हता.

त्या वर्षी लातुरात दोनच विषय होते, पाणी आणि नवा जिल्हा. माझे घरमालक उदगीरचे. उदगीर जिल्हा होणार, आता नक्की होणार, हे ते दर रविवारी सांगत. सोनकांबळे त्यावर विश्वास ठेवणारे गल्लीतले एकटेच. नवा जिल्हा झाला की नवं जिल्ह्याचं ठिकाण, तिथं बाग, बागेत मत्स्यालय, आणि मत्स्यालयात आपण, असा त्यांचा हिशोब होता. अर्ज लिहून तयार होता. त्यात एकच जागा त्यांनी रिकामी सोडली होती: 'अर्जदाराने स्वतःच्या घरी जन्मवून वाढवलेल्या समुद्री माशांची संख्या'.

ती जागा भरणं हेच मग त्यांचं आयुष्य झालं. जोडी अंडी घालत होती. मादी मोठी, तिला ते 'मालकीण' म्हणत, आणि नर बारका. फुटक्या माठाचं एक खापर त्यांनी टाकीत उलटं ठेवलं होतं, त्यावर मालकीण नारंगी ठिपक्यांसारखी अंडी चिकटवायची आणि नर आठवडाभर परांनी वारा घालत बसायचा. आठव्या दिवशी दिवेलागणीनंतर पिल्लं फुटायची. पापणीच्या केसाएवढी. त्यांना खायला डोळ्यांना दिसणार नाहीत असले जीव लागत, आणि त्या जीवांना खायला हिरवं पाणी. खिडकीत हिरव्या बाटल्यांची रांग असे, अर्थात चिठ्ठ्यांसकट. इतकं करून पिल्लं सहाव्या-सातव्या दिवशी तळाशी पडायची. वहीत सोनकांबळे लिहायचे, 'आठवा दिवस. शून्य.' अशी सहा शून्यं मी पाहिली आहेत.

"अंगावर पांढरा पट्टा उमटला की ते जगलं म्हणायचं," ते म्हणाले. "एकाच्या तरी अंगावर उमटावा."

दुष्काळ आधी नळात आला, मग बोअरमध्ये, मग माणसांत. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. पुढे रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. शोभाताई अंघोळीचं पाणी निम्मं करून टाकीची रेघ भरत. त्या कधी कुरकुरल्या नाहीत, पण एकदा केसांना तेल लावताना म्हणाल्या, "माझी अंघोळ तो मासा करायलाय." गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली होती. बाया पेला घेऊन यायच्या, पाणी चाखून घ्यायच्या, आणि जाताना काचेकडे बघायच्या. ते बघणं मला आवडत नसे.

अंगणात त्यांची तीन निळी पिंपं होती. पांढऱ्या रंगानं लिहिलेलं: 'गोडं १', 'गोडं २', 'खारं'. टाकीतून काढलेलं जुनं पाणी ते खाऱ्या पिंपात साठवत, गाळून पुन्हा वापरायला. एप्रिल महिन्यात 'गोडं १' कमी व्हायला लागलं. सोनकांबळ्यांची पिंपाच्या आतही रेघ होती. दर दोन दिवसांनी चार बोटं. ते मला प्रयोगशाळेत, चंचुपात्र पुसता पुसता, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, झाकलेल्या पिंपातलं पाणी उडत न्हाई." मी म्हटलं, कुलूप लावा. झाकणाला कडी नाही, असं ते म्हणाले. मग पात्र जागेवर ठेवत म्हणाले, "बघतो."

त्यानंतरच्या सोमवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली बघितलं तर पिंपांचा क्रम बदललेला. गोडी दोन्ही आत, न्हाणीच्या आडोशाला. खारं पुढे, फाटकाशेजारी. आणि त्याच्यावरचं 'खारं' पत्र्यानं खरवडून काढलेलं. पांढरा भुगा अजून खाली पडलेला होता.

जो माणूस भाकरीसाठी 'पोळी' खोडतो, त्यानं एक चिठ्ठी खरवडली होती. मला कळलं. अगदी त्याच क्षणी कळलं. मी उरलेले कपडे वाळत घातले आणि आत जाऊन चहा ठेवला. माझ्या मनात असंही आलं, हे लपवत नाही, की बरी खोड मोडेल चोराची.

चोर सरूबाई होती.

सरूबाई किल्लारीच्या बाजूची. गावी जमीन होती, पण विहीर आटल्यावर ती एक म्हैस घेऊन लातूरला लेकाकडे आली. लेक जीप चालवायचा. गल्लीच्या टोकाला पत्र्याखाली म्हैस, आणि म्हशीचं दूध पाच घरांना, त्यात सोनकांबळ्यांचंही घर. सरकारी चारा छावणीत म्हैस सोडायला ती तयार नव्हती. घरात कितीही टंचाई असली तरी तिनं दुसऱ्याच्या पाण्याला घरासाठी हात लावला नाही, ते तिनं नंतर सांगितलं आणि मला ते खरं वाटतं. ती म्हशीसाठी न्यायची. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, बादलीनं. पेंडीत कालवायची आणि तहानलेलं जनावर एका दमात संपवायचं. जनावराला द्यायचं पाणी कोण चाखून बघतं?

तिसऱ्या दिवशी म्हशीचा चालताना तोल जायला लागला. मग तिला दिसेना. पत्र्याच्या खांबावर ती डोकं दाबून उभी राहायची आणि तो खांब हलताना आवाज यायचा, तो माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. डॉक्टर आले. त्यांनी डोळे, जीभ पाहिली आणि विचारलं, पेंडीत मीठ जास्त पडलं होतं का? गल्ली जमली होती. सरूबाईनं डॉक्टरांकडे बघितलं, मग सोनकांबळ्यांच्या फाटकाकडे, आणि म्हणाली, "हाव. पडलं आसंल." दुसरं काय म्हणणार? खरं सांगायचं तर आधी चोरी सांगावी लागली असती. संध्याकाळी म्हैस गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशेजारच्या पिंपावर 'खारं' लिहिलेलं होतं. रंग ओला होता.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मी दार लावून घेतलं आणि विचारलं. मी चिडले होते, त्यात स्वतःवरचा राग किती होता ते तेव्हा कळलं नाही. कुणाचं लेकरू प्यालं असतं म्हणजे? सोनकांबळे बाटलीवर चिठ्ठी डकवत होते. "तोंडाला लावताच थुकलं आसतं," ते म्हणाले. "मानसाला चव कळती. घोटभर पिऊन गल्लीत बोंब मारली आसती, मग मला कळलं आसतं कोन ते. येवढंच पायजे होतं." मी म्हटलं, आणि जनावर? त्यांनी डकवलेली चिठ्ठी अंगठ्यानं दाबून धरली. "त्याचा इचार केला न्हाई," ते म्हणाले. "आन् केला न्हाई म्हनून सुटत न्हाई मी. तसं तुमी म्हनू बी नका."

मी म्हणणारही नव्हते.

तो ओला रंग गल्लीनंही पाहिला होता. बायांचं पेला घेऊन येणं थांबलं. पुढचा टँकर आला तेव्हा बायांनी पाणी भरलं आणि न चाखता घरी नेलं. सोनकांबळे दारात उभे होते. नेहमीसारखं एक बोट जरा पुढे करून.

आणि याच दिवसांत, सातव्या वेळी, पिल्लं जगली. आठवा दिवस गेला, नववा गेला. वरांड्यात उजेड बरा म्हणून पिल्लांचा, काळा कागद गुंडाळलेला टब त्यांनी तिथं ठेवला होता. रविवारी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. त्यांचा आवाज फाटला होता. मी गेले, वाकून बघितलं. तीसेक पिल्लं असतील, मोहरीएवढी, आणि तीन-चार जणांच्या डोक्यामागे पांढरा पट्टा. अगदी बारीक, पण पट्टाच. सोनकांबळे हसत होते आणि डोळे पुसत होते. शोभाताईंनी अर्जाचा कागद आणून ठेवला. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाखाली कसली तरी धास्ती होती. तो खांबाचा आवाज माझ्या कानातून गेला नव्हता.

तेवढ्यात फाटक वाजलं. सरूबाई आली होती, कमरेवर घागर घेऊन.

सकाळीच टँकर येऊन गेला होता. घागर काठोकाठ भरलेली, वर कापड बांधलेलं. सोनकांबळे एकदम उभे राहिले. त्यांना वाटलं, मलाही वाटलं, की बाई नेलेलं पाणी परत द्यायला आली. मराठवाड्यात माणसं असं करतात, भांडण मिटवायचं तर पाणी घेऊन जातात. त्यांनी दोन्ही हात जोडले. "या मावशी," म्हणाले. "याची गरज नव्हती."

सरूबाईनं कापड सोडलं, घागर उचलली आणि टबात उपडी केली. सावकाश, शेवटचा थेंब जाईपर्यंत. आम्ही तिघं बघत राहिलो. घागर उलटी होईपर्यंत ती पिंपाकडे न जाता टबाकडे का गेली, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

"तुमी माझ्या म्हशीला खारं पाजलं," ती म्हणाली. "म्या तुमच्या लेकरांला गोडं पाजलं."

तिचा आवाज चढला नव्हता. सोनकांबळ्यांनी टबात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग ते धावले, खाऱ्या पिंपातून बादली भरून आणली, घातली, पुन्हा आणली. पण त्याचा उपयोग नव्हता, आणि ते त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं. इतक्या लहान जिवाला एकदा गोडं, लगेच खारं सोसत नाही. पिल्लं गोल गोल फिरली, मग एकेक करून बसत गेली. पट्टेवाली शेवटी.

शोभाताई रडत होत्या. सोनकांबळे मात्र बादली खाली ठेवून सरूबाईकडे वळले. मला वाटलं आता हे काहीतरी भयंकर बोलतील.

"मावशी," त्यांनी विचारलं, "घरात प्यायला ठिवलं का काही?"

"न्हाई," सरूबाई म्हणाली. "येवढंच होतं." आणि रिकामी घागर कमरेला लावून ती निघून गेली. पुढचा टँकर आठ दिवसांनी होता.

त्याच दुपारी सोनकांबळ्यांनी 'गोडं २' मधून घागर भरली आणि सरूबाईच्या दारात नेऊन ठेवली. संध्याकाळी ती तिथंच होती. दुसऱ्या दिवशीही. सरूबाईला लेकानं जीपमधून कुठून तरी दोन डबे आणून दिले, पण घागरीला तिनं हात लावला नाही. तिनं नाही, आणि कुणीच नाही. सोनकांबळे रोज सकाळी जुनं पाणी ओतून नवं भरत. जमिनीवर ओतलेलं ते पाणी पाहून बायका डोळे मिटून घेत, पण घागरीकडे जात नसत.

माझी बदली संस्थेच्या देगलूरच्या कॉलेजात झाली होती. शेवटच्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्यांना म्हटलं, आता पुरे करा, कोणी घेत नाही ते पाणी. त्यांनी हातातली बाटली फळीवर लावली. मग म्हणाले, "मॅडम, माझ्या बापाच्या हातचं पाणी गावात कुनी घेत नव्हतं. त्यात त्याचा काय गुन्हा होता? मी शिकलो, हितं आलो, आन् आख्खी गल्ली माझ्या जिभंवर पानी पीत होती. बाप बघायला पायजे होता, आसं वाटायचं." त्यांनी कपाटाचं दार लावलं. "आता पुन्यांदा कुनी घेत न्हाई. पर ह्या बारीला ते मी कमावलंय."

मी कपाटाकडे बघितलं. नव्या जिल्ह्याचा अर्ज कपाटाच्या काचेच्या दाराला आतून चिकटवलेला दिसला. रिकाम्या जागेत त्यांनी शून्य भरलं होतं.

निघाले त्या सकाळी ऑटोरिक्षा गल्लीच्या टोकाला, सरूबाईच्या दारासमोर थांबली, कारण माझी एक बॅग पडली होती. घागर तिथंच होती, आणि आज तिच्या गळ्याशी चिठ्ठी होती. तेच वळणदार अक्षर: 'गोडं पाणी. पिण्यासाठी. सोनकांबळे.' ते स्वतः समोरच्या घराच्या सावलीत उभे होते. मला बघून ते पुढे आले, घागरीतून पेलाभर पाणी काढलं आणि सरूबाईच्या बंद दाराकडे तोंड करून प्याले. सगळं. मग पेला उपडा करून दाखवला. कोणाला दाखवला ते माहीत नाही, दार उघडलं नाही.

रिक्षावाला अनोळखी होता. बॅग चढवून त्यानं घाम पुसला आणि विचारलं, "मॅडम, त्या घागरीतलं घोटभर घेऊ का? सकाळधरनं पानी न्हाई."

वरच्या खिडकीतून कुणीतरी बाई पटकन म्हणाली, "त्यातलं नगा घेऊ, भाऊ."

रिक्षावाल्यानं माझ्याकडे बघितलं. सोनकांबळ्यांनीही बघितलं, हातातला पेला जरा पुढे करून. ते पाणी गोडं आहे हे त्या गल्लीत त्यांच्याखालोखाल मला माहीत होतं. चिठ्ठी खरवडलेली मी पाहिली होती, तशी ही लावलेलीही पाहत होते. नुसतं 'घ्या' म्हणायचं होतं.

"चला," मी म्हणाले. "देगलूरची गाडी चुकेल."

रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. सोनकांबळ्यांनी पेला घागरीवर उपडा ठेवला होता आणि उन्हानं सुटायला आलेली चिठ्ठी ते अंगठ्यानं दाबून धरत होते.